कमला सोहोनी

डॉ. कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या कमला नारायण भागवत, जन्म : इंदूर, १८ जून १९११, मृत्यू : २८ जून १९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. वनस्पतींच्या पेशींतील प्रथिने व विकरे (एन्झाइमे) वेगळी करून त्यांचे गुणधर्म तपासणे हा त्यांच्या संशोधनाचा मध्यवर्ती विषय होता. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मिळवणाऱ्या आरंभीच्या महिला विद्यार्थिनींपैकी त्या एक होत्या. इ.स. १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली. विज्ञान विषयात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. मुंबईच्या विज्ञान संस्थेत (इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) त्यांनी जीवरसायनशास्त्राचे अध्यापन आणि संशोधन केले व पुढे त्या संस्थेचे संचालकपदही भूषवले. कडधान्यांतील प्रथिने आणि नीरा या पेयाची पोषणमूल्ये यांवरील त्यांचे काम विशेष प्रसिद्ध आहे. मराठीतील ज्येष्ठ लेखिका व लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी होत.

जन्म आणि कुटुंब

कमला भागवत यांचा जन्म इंदूर येथे एका सुशिक्षित मराठी कुटुंबात झाला. त्यांचे वडील नारायणराव भागवत आणि चुलते माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्था तेव्हा टाटा इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाई. तिच्या अगदी आरंभीच्या विद्यार्थ्यांत या दोन्ही बंधूंचा समावेश होता. संस्थेची स्थापना १९०९ मध्ये झाली आणि प्रत्यक्ष अध्यापन १९११ मध्ये, म्हणजे कमलाबाईंच्या जन्माच्याच वर्षी सुरू झाले.

घरात विद्येचे वातावरण होते आणि मुलींनी शिकावे याविषयी दुमत नव्हते. थोरल्या दुर्गाबाई साहित्य, मानववंशशास्त्र आणि लोकसंस्कृतीच्या अभ्यासाकडे वळल्या. पुढे १९७५ मध्ये कऱ्हाड येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा म्हणून आणि आणीबाणीला उघड विरोध करणाऱ्या लेखिका म्हणून त्या सर्वपरिचित झाल्या. कमलाबाईंनी वडिलांची वाट धरली. रसायनशास्त्र शिकायचे आणि वडील जेथे शिकले त्याच संस्थेत संशोधन करायचे, असे त्यांनी ठरवले होते.

शिक्षण आणि बंगळूर येथील प्रवेशाचा प्रश्न

इ.स. १९३३ मध्ये कमला भागवत मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. झाल्या. रसायनशास्त्र हा त्यांचा मुख्य, तर भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय होता. पदवी मिळताच त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. गुणवत्तेच्या दृष्टीने प्रवेशात अडचण येण्याचे कारण नव्हते. तरीही अर्ज नामंजूर झाला. त्या स्त्री आहेत, हेच नकाराचे कारण होते.

त्याच वर्षी सर चंद्रशेखर व्यंकट रमण यांनी संस्थेचे संचालकपद स्वीकारले होते. या पदावर आलेले ते पहिले भारतीय होते आणि १९३० मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेले होते. संशोधनाचे काम स्त्रियांना झेपणार नाही, असे त्यांचे मत होते. नारायणराव व माधवराव या संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांनी रदबदली करूनही त्यांनी आपला निर्णय बदलला नाही.

कमलाबाईंनी हा नकार मान्य केला नाही. त्या बंगळूरला गेल्या, रमण यांना प्रत्यक्ष भेटल्या आणि नकाराची कारणे त्यांनी विचारली. समाधानकारक उत्तर न मिळाल्याने प्रवेश मिळेपर्यंत संचालकांच्या दारात सत्याग्रह करण्याचा निर्धार त्यांनी जाहीर केला. सविनय कायदेभंगाच्या चळवळीने देश ढवळून निघालेला तो काळ होता. अन्यायाविरुद्ध सत्याग्रह हे साधन सामान्य माणसालाही परिचित झाले होते. एका तरुण विद्यार्थिनीने ते विज्ञानसंस्थेच्या दारात वापरले.

अखेर रमण यांनी प्रवेश दिला, पण त्याला अटी जोडल्या. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. त्या वर्षातील कामाच्या दर्जाविषयी संचालकांची खात्री पटल्याशिवाय त्या कामाला अधिकृत मान्यता मिळणार नव्हती. त्यांच्या उपस्थितीमुळे प्रयोगशाळेतील पुरुष संशोधकांच्या कामात व्यत्यय येता कामा नये, अशीही अट होती. यांपैकी एकही अट पुरुष उमेदवारांना लागू नव्हती. कमलाबाईंनी त्या स्वीकारल्या. मात्र त्यांतील अपमान त्या विसरल्या नाहीत. रमण थोर शास्त्रज्ञ असले तरी स्त्रियांविषयी त्यांची दृष्टी संकुचित होती आणि त्यांनी दिलेली वागणूक आपल्याला कायमची बोचत राहिली, असे त्यांनी उत्तर आयुष्यात जाहीरपणे सांगितले.

वर्ष संपल्यावर रमण यांनी त्यांच्या कामाविषयी समाधान व्यक्त केले आणि त्यांना नियमित संशोधक म्हणून मान्यता दिली. यानंतर संस्थेचे दार अन्य विद्यार्थिनींनाही खुले झाले. पुढील दशकात हवामानशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आलेल्या अण्णा मणी यांनी तर रमण यांच्याच प्रयोगशाळेत संशोधन केले.

कडधान्यांवरील आरंभीचे संशोधन

बंगळूर येथे कमलाबाईंना एम. श्रीनिवासय्या यांचे मार्गदर्शन लाभले. श्रीनिवासय्या शिस्तीचे कडक होते आणि विद्यार्थ्यांकडून त्यांची अपेक्षा मोठी असे. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, कडधान्ये व शेंगावर्गीय धान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास सुरू केला. भारतीय आहाराच्या दृष्टीने हा विषय महत्त्वाचा होता. मांस, मासे, अंडी ज्यांच्या ताटात क्वचितच येतात, किंवा धर्माने व रूढीने वर्ज्य असतात, अशा कोट्यवधी लोकांना शरीराच्या वाढीसाठी लागणारी प्रथिने मुख्यतः डाळी आणि कडधान्ये यांतूनच मिळतात. या प्रथिनांचे स्वरूप काय, ती किती प्रमाणात असतात आणि पचतात कशी, याची शास्त्रीय माहिती त्या वेळी फार थोडी होती.

त्यांच्या या काळातील एक शोधनिबंध श्रीनिवासय्या यांच्यासमवेत लिहिलेला असून तो १९३५ मध्ये बायोकेमिकल जर्नल या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याचा विषय कडधान्यांतील प्रथिनेतर नायट्रोजन हा होता. धान्यातील एकूण नायट्रोजन मोजून त्यावरून प्रथिनांचे प्रमाण काढण्याची पद्धत रूढ होती. धान्यातील काही नायट्रोजन मात्र प्रथिनांत नसून मुक्त अमिनो आम्ले व इतर लहान संयुगांत असतो. तो वेगळा काढला नाही, तर प्रथिनांचा आकडा फुगलेला दिसतो. त्यामुळे कडधान्याच्या पोषणमूल्याचा अचूक हिशेब मांडण्यासाठी हे मोजमाप आवश्यक होते.

या संशोधनाच्या आधारे १९३६ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना एम.एस्सी. ही पदवी दिली.

केंब्रिज येथील संशोधन

इ.स. १९३७ च्या अखेरीस कमला भागवत शिष्यवृत्त्यांच्या आधारे केंब्रिज विद्यापीठात दाखल झाल्या. त्या न्यूनहॅम या महिला महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी होत्या. सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स हे विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल त्यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले होते. स्त्री संशोधकांना मोकळेपणाने स्थान देणारा विभाग अशी हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेची ख्याती होती. बंगळूरच्या अनुभवानंतर कमलाबाईंना हा बदल ठळकपणे जाणवला असणार. मात्र त्या काळी केंब्रिज विद्यापीठही स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने वागवत नव्हते. परीक्षा व संशोधन करण्याची मुभा असली, तरी पदवीबरोबर येणारे विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व स्त्रियांना १९४८ पासूनच मिळाले.

प्रारंभी त्यांनी डेरेक रिक्टर यांच्यासमवेत काम केले. प्राण्यांच्या ऊतींतील फिनोलेज विकरे आणि ॲड्रेनलिन यांवरील दोघांचा शोधनिबंध १९३८ मध्ये बायोकेमिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. फिनोलेज हे विकर फिनॉल वर्गातील संयुगांचे ऑक्सिडीकरण घडवते. चिरलेला बटाटा, वांगे किंवा सफरचंद हवेत काळपट पडते, ते अशाच विकरामुळे. रिक्टर केंब्रिज सोडून गेल्यावर कमलाबाईंनी वनस्पतींच्या ऊतींवर काम करणारे रॉबिन हिल यांच्यासमवेत संशोधन सुरू केले. हिल यांचे नाव प्रकाशसंश्लेषणाच्या अभ्यासात हिल अभिक्रियेमुळे अजरामर झाले आहे.

संशोधनाचा विषय वनस्पतींचे श्वसन हा होता. सजीव पेशी अन्नातून ऊर्जा मिळवताना इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे, अशा क्रमाने शेवटी ऑक्सिजनपर्यंत पोहोचवते. ज्या लोहयुक्त प्रथिनांमार्फत ही देवघेव होते त्यांना सायटोक्रोम म्हणतात. केंब्रिज येथेच डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये प्राणी, यीस्ट आणि वनस्पती यांच्या ऊतींत वर्णपटदर्शकाच्या साहाय्याने सायटोक्रोमचे पट्टे ओळखले होते. प्राण्यांच्या स्नायूंत आणि यीस्टमध्ये या प्रथिनांचे कार्य बऱ्यापैकी उलगडले होते. उच्च वनस्पतींत मात्र श्वसनाच्या अखेरच्या पायरीवर नेमके कोणते विकर काम करते, याविषयी वाद होता. बटाट्यासारख्या ऊतीत फिनोलेज इतके मुबलक असते की तेच हे काम करत असावे, असे मानणारे संशोधकही होते.

वनस्पतिपेशीतून प्रथिने कार्यक्षम स्थितीत बाहेर काढणे हे प्राण्यांच्या ऊतींपेक्षा कितीतरी अवघड असते. पेशीभोवती सेल्युलोजची टणक भित्ती असते. तिच्या आत मोठी रिक्तिका असते आणि तीत आम्ले, टॅनिने व फिनॉल साठवलेली असतात. ऊती वाटली की भित्तीबरोबर रिक्तिकाही फुटते. आम्लामुळे प्रथिनांचे स्वरूप बिघडते, फिनॉलांचे ऑक्सिडीकरण होऊन ती प्रथिनांना चिकटतात आणि हाती केवळ काळसर द्रव उरतो. हिरव्या पानांत हरितद्रव्याच्या गडद रंगाखाली सायटोक्रोमचे पट्टे झाकले जातात. बटाट्याचा कंद हिरवा नसल्याने ही शेवटची अडचण तेथे येत नाही, फिनोलेजची अडचण मात्र पुरेपूर येते. फिनोलेजचा अनुभव गाठीशी असल्यामुळे कमलाबाई या कामासाठी चांगल्या तयार झालेल्या होत्या.

दोन विकरांतील फरक ओळखण्याचे एक साधन तेव्हा उपलब्ध होते. कार्बन मोनॉक्साइड वायूमुळे सायटोक्रोम ऑक्सिडेज व फिनोलेज या दोहोंची क्रिया मंदावते; पण तेजस्वी प्रकाश टाकल्यास सायटोक्रोम ऑक्सिडेजची क्रिया पूर्ववत होते, फिनोलेजची होत नाही. बटाटा व इतर वनस्पतींवरील प्रयोगांतून हिल आणि भागवत यांनी सपुष्प वनस्पतींत सायटोक्रोम ऑक्सिडेज असल्याचे दाखवून दिले. त्यांचे हे टिपण १९३९ मध्ये नेचर या साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. उच्च वनस्पतींतील या विकरावरील दोघांचा सविस्तर निबंध पुढे १९५१ मध्ये न्यू फायटॉलॉजिस्ट या नियतकालिकात आला.

लोकप्रिय लेखनात कमलाबाईंनी वनस्पतींत सायटोक्रोम सी शोधून काढले, असे थोडक्यात सांगितले जाते. या विधानामागील शास्त्रीय आशय असा की, प्राणी व यीस्ट यांत आढळणारी सायटोक्रोमवर आधारलेली श्वसनयंत्रणा वनस्पतींच्या पेशींतही कार्यरत असते, याचा पुरावा त्यांच्या प्रयोगांनी बळकट केला. वनस्पतीपासून शुद्ध सायटोक्रोम सी वेगळे करण्याचे काम १९४४ मध्ये डेव्हिड गोडार्ड यांनी गव्हाच्या अंकुरावर केले. श्वसनाची मूलभूत यंत्रणा सर्व उच्च सजीवांत समान आहे, या आज पाठ्यपुस्तकांत शिकवल्या जाणाऱ्या तत्त्वाकडे नेणाऱ्या वाटेवर कमलाबाईंचे काम उभे आहे.

त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध अवघ्या १४ महिन्यांत पूर्ण झाला आणि तो केवळ ४० पानांचा होता. एरवी अशा प्रबंधांची पृष्ठसंख्या काही शेकड्यांत असे. इ.स. १९३९ मध्ये विद्यापीठाने तो स्वीकारून त्यांना पदवी दिली.

भारतात पुनरागमन

परदेशात पुढील संशोधन करण्याची संधी असतानाही कमलाबाई १९३९ मध्ये भारतात परतल्या. गांधीजींच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता आणि आपल्या शिक्षणाचा उपयोग देशासाठी व्हावा अशी त्यांची इच्छा होती. नवी दिल्ली येथील लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्राध्यापक व प्रमुख म्हणून त्यांची नियुक्ती झाली. हे महाविद्यालय खास महिलांसाठी १९१६ मध्ये स्थापन झाले होते.

त्यानंतर त्या निलगिरी पर्वतातील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक झाल्या. तेथे त्यांनी जीवनसत्त्वांच्या परिणामांचा अभ्यास केला. आज हैदराबाद येथे असलेली राष्ट्रीय पोषण संस्था ही याच प्रयोगशाळेचे पुढचे रूप होय. पेशीतील एका विकरापासून सुरू झालेले त्यांचे संशोधन कुन्नूर येथे माणसाच्या ताटापर्यंत आले; यापुढील त्यांच्या सर्व कामात ही दोन टोके जोडलेली दिसतात.

इ.स. १९४७ मध्ये विमागणिती मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईत स्थायिक झाल्या.

मुंबईच्या विज्ञान संस्थेतील कार्य

मुंबईतील विज्ञान संस्था १९२० पासून रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या नावाने कार्यरत होती. या संस्थेत जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग सुरू झाला, तेव्हा सोहोनी यांनी तेथील प्राध्यापकपदासाठी अर्ज केला आणि त्यांची निवड झाली. विभागाची उभारणी, पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे मार्गदर्शन आणि स्वतःचे संशोधन ही तिन्ही कामे त्यांनी एकाच वेळी सांभाळली. महाराष्ट्रात जीवरसायनशास्त्र हा स्वतंत्र विषय म्हणून रुजण्याच्या काळात त्यांच्या हाताखाली संशोधकांची एक पिढी तयार झाली.

बंगळूर येथे सुरू केलेला कडधान्यांचा अभ्यास त्यांनी येथे नव्या प्रश्नासह पुढे नेला. कडधान्यात भरपूर प्रथिने असूनही ती कच्ची किंवा अर्धवट शिजवून खाल्ल्यास नीट पचत नाहीत. याचे एक कारण त्याच धान्यातील काही विशिष्ट प्रथिनांत दडलेले असते. आपल्या स्वादुपिंडातून लहान आतड्यात ट्रिप्सिन हे विकर येते आणि ते अन्नातील प्रथिनांचे तुकडे करते. कडधान्यांतील काही प्रथिने या ट्रिप्सिनला घट्ट चिकटून त्याचे काम थांबवतात. त्यांना ट्रिप्सिनरोधक म्हणतात. सोयाबीनमधील असे रोधक अमेरिकेत मोझेस कुनिट्झ यांनी १९४५ मध्ये स्फटिकरूपात मिळवले होते. भारतीय आहारातील भाज्या व कडधान्ये यांत असे रोधक कितपत असतात, याची पाहणी सोहोनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हाती घेतली. तिचे निष्कर्ष १९५० च्या दशकाच्या मध्यास भारतीय संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाले.

या मालिकेतील सर्वांत लक्षणीय काम वाल व डबल बी यांवरचे आहे. सोहोनी आणि त्यांचे सहसंशोधक के. एस. अंबे यांनी या दोन्हींतील ट्रिप्सिनरोधक स्फटिकरूपात वेगळे केले. त्याविषयीचा लेख १९५५ मध्ये नेचरमध्ये प्रसिद्ध झाला.

स्फटिक मिळवणे याला त्या काळी विशेष महत्त्व होते. प्रथिन शुद्ध करण्याची सर्वसाधारण रीत अशी असते : बियांचे पीठ करून त्यातील स्निग्धांश काढून टाकतात, पीठ पाण्यात, सौम्य आम्लात किंवा क्षाराच्या सौम्य द्रावणात कालवून विद्राव्य प्रथिने बाहेर काढतात, गाळलेल्या द्रवात अमोनियम सल्फेटसारखा क्षार टप्प्याटप्प्याने मिसळून निरनिराळ्या प्रथिनांचा साका वेगवेगळा मिळवतात, साका पुन्हा विरघळवून त्यातील क्षार अपोहनाने (डायलिसिसने) काढून टाकतात. प्रत्येक टप्प्यावर एकूण प्रथिन आणि त्याची अपेक्षित क्रिया या दोहोंचे मोजमाप करावे लागते. प्रथिनाचे वजन घटत गेले आणि प्रत्येक मिलिग्रॅममागे क्रिया वाढत गेली, तरच शुद्धीकरण योग्य दिशेने चालले आहे असे म्हणता येते. शेवटी स्फटिक तयार झाले तर आपल्या हाती बहुतांशी एकच पदार्थ आहे, याची मोठी ग्वाही मिळते. आजच्यासारखी स्वयंचलित उपकरणे नसलेल्या काळात ही सर्व कामे शीतकक्ष, गाळणकागद आणि चिकाटी यांच्या बळावर करावी लागत.

लाल रक्तपेशींच्या गुठळ्या करणारी हेमॅग्लुटिनिने हा कडधान्यांतील प्रथिनांचा आणखी एक गट. वालातील हेमॅग्लुटिनिनांचे शुद्धीकरण व त्यांचे गुणधर्म यांवरील त्यांच्या प्रयोगशाळेचे निबंध १९६५ च्या सुमारास प्रसिद्ध झाले.

या संशोधनाला घरगुती संदर्भ होता. कोकणात आणि मुंबईत वाल भिजवून, मोड आणून, सोलून मगच त्याचे बिरडे शिजवतात. मोड आणण्याने व शिजवण्याने पचनाला अडथळा आणणाऱ्या अशा घटकांची क्रिया बरीच कमी होते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या स्वयंपाकाच्या रीतीमागील रसायन प्रयोगशाळेत उलगडणारे हे काम होते.

नीरा संशोधन

नीरा म्हणजे ताड, शिंदी, माड अशा वृक्षांच्या पुष्पगुच्छाला किंवा खोडाला छेद देऊन मिळवलेला गोड रस. सूर्योदयापूर्वी उतरवलेली ताजी नीरा मद्यरहित असते. उष्णतेने ती लवकर आंबते व तिची ताडी होते. मुंबई राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर ताडीवर उपजीविका करणाऱ्यांपुढे मोठा प्रश्न उभा राहिला होता. ताडीऐवजी नीरा हे पेय लोकप्रिय करण्याकडे गांधीविचारांच्या कार्यकर्त्यांचे लक्ष होते. तथापि नीरेचे पोषणमूल्य शास्त्रीय कसोटीवर तपासले जाणे आवश्यक होते. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून सोहोनी यांनी हे काम हाती घेतले.

नीरेत अ आणि क ही जीवनसत्त्वे तसेच लोह चांगल्या प्रमाणात असल्याचे त्यांच्या संशोधनातून पुढे आले. त्यानंतर कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुले व गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश करून तिचे परिणाम तपासण्यात आले, तेव्हा त्यांच्या प्रकृतीत लक्षणीय सुधारणा दिसली. रस जिथे मिळतो तिथेच, अल्प खर्चात, गरिबांच्या आहारातील उणीव भरून काढता येते, हा या संशोधनाचा व्यवहारातील अर्थ होता. या कार्यासाठी सोहोनी यांना राष्ट्रपती पुरस्काराने गौरवण्यात आले. नीरेबरोबरच ताडगूळ आणि तांदळाचे पीठ या गोरगरिबांच्या खाण्यातील पदार्थांचाही त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी अभ्यास केला.

मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही दुधाच्या गुणवत्तेबाबत त्यांनी शास्त्रीय सल्ला दिला.

संचालकपद

ज्येष्ठता आणि संशोधनातील योगदान असूनही विज्ञान संस्थेचे संचालकपद सोहोनी यांना वेळेवर मिळाले नाही. सुमारे चार वर्षे त्यांना या पदापासून दूर ठेवले गेले आणि त्यामागे स्त्री-पुरुष भेदाची भावना होती, असे मानले जाते. बंगळूरच्या प्रवेशप्रसंगी त्या पदवीधर विद्यार्थिनी होत्या. आता त्यांच्यामागे केंब्रिजची पदवी, नेचरमधील निबंध आणि अनेक वर्षांचे अध्यापन होते. तरीही योग्यता पुन्हा सिद्ध करण्याची अपेक्षा संपली नव्हती. अखेर त्यांची नियुक्ती झाली व त्या संस्थेच्या पहिल्या महिला संचालक ठरल्या. केंब्रिज येथील त्यांचे पहिले सहकारी डेरेक रिक्टर यांनी एवढ्या मोठ्या विज्ञानसंस्थेचे संचालकपद एका स्त्रीकडे येणे ही ऐतिहासिक घटना असल्याचे सांगून त्यांचे अभिनंदन केले.

ग्राहक चळवळ आणि लेखन

प्रयोगशाळेतील ज्ञान सामान्य गृहिणीपर्यंत पोहोचले पाहिजे, अशी सोहोनी यांची धारणा होती. मुंबईत १९६६ मध्ये नऊ महिलांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. ग्राहकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या देशातील आद्य संस्थांत तिची गणना होते. सोहोनी या संस्थेच्या सक्रिय सदस्य होत्या. इ.स. १९८२-८३ या वर्षासाठी त्यांची अध्यक्षपदी निवड झाली. संस्थेच्या कीमत या नियतकालिकातून त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेख लिहिले.

निधन

दिल्लीच्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पहिल्या महिला महासंचालक डॉ. जी. व्ही. सत्यवती यांना सोहोनी यांच्या कार्याची माहिती मिळाली, तेव्हा त्यांनी परिषदेतर्फे त्यांचा सत्कार आयोजित केला. सोहोनी त्या वेळी वयाच्या नव्वदीकडे झुकल्या होत्या. या सत्कार समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन आणि वारसा

सोहोनी यांच्या कार्याचे दोन पैलू सामान्यतः वेगवेगळे सांगितले जातात : एक, विज्ञानातील स्त्रियांसाठी दार उघडणाऱ्या अग्रणी, आणि दुसरा, पोषणविषयक संशोधक. प्रत्यक्षात दोन्हींच्या मुळाशी पुराव्याचा आग्रह दिसतो. स्त्रियांना संशोधन जमत नाही या विधानाला आधार मागण्यासाठी त्या संचालकांच्या दारात गेल्या. बटाट्याच्या श्वसनाविषयी, वालाच्या पचनाविषयी आणि नीरेच्या गुणांविषयी त्यांनी तोच आग्रह प्रयोगशाळेत धरला.

वनस्पतिपेशींतून प्रथिने शुद्ध करण्यातील ज्या अडचणींना त्यांच्या पिढीने तोंड दिले, त्या आजही संपलेल्या नाहीत. ॲक्टिन हे पेशीच्या सांगाड्यातील प्रथिन स्नायूंमधून १९४२ मध्येच वेगळे करण्यात आले होते. वनस्पतींच्या पेशींत त्याचे तंतू ओळखले जाण्यास मात्र १९७० चे दशक उजाडावे लागले. कठीण पेशीभित्ती, रिक्तिकेतील फिनॉल आणि प्रथिनांचे तुकडे करणारी विकरे ही त्या विलंबाची काही प्रमुख कारणे होत. बटाटा आणि वाल यांवरील सोहोनी यांच्या संशोधनाचे तांत्रिक मोल या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होते.

त्यांच्या जन्मदिनी, १८ जून २०२३ रोजी, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर डूडल प्रसिद्ध करून त्यांना आदरांजली वाहिली. ज्या संस्थेने त्यांना एका वर्षासाठी अटींवर प्रवेश दिला होता, त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या इतिहासात आज त्यांचे नाव आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी एक म्हणून नोंदलेले आहे.